पावले मोजणाऱ्या यंत्राचे घर



शेताची मोजणी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. निदान बांधावरून दोन भावांत वाद झाला आणि अखेर मोजणी आणावी लागली, अशी गोष्ट तरी कानावर आली असेल. पूर्वी मोजणीदाराबरोबर साखळी येत असे. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद एवढ्या जागेचा एक गुंठा. आता साखळी गेली आणि उपग्रहांचा आधार घेणारी यंत्रे आली. पण साखळी असो की यंत्र असो, मोजणीदाराचा पहिला प्रश्न बदललेला नाही. तो विचारतो, ‘हद्दीचा दगड कुठे आहे?’ दगड सापडेपर्यंत तो पुढे सरकत नाही.

असे का? कारण साखळी फक्त ‘किती’ ते सांगते. ‘कुठून’ ते सांगत नाही. दगड कोणी रात्रीतून चार हात सरकवला असेल, तर पुढची सारी मोजणी तंतोतंत करूनही ती सारीच्या सारी चार हात चुकते. मोजणारा प्रामाणिक, साखळी बरोबर, बेरीज बरोबर, आणि निकाल मात्र चूक! ही गोष्ट मनात ठेवा. आज आपण एका यंत्राची कथा पाहणार आहोत आणि त्या कथेचा सारा अर्थ या दगडात आहे.

मी इतिहास शिकवतो. यंत्रशाळेशी माझा संबंध नाही. मग हा विषय माझ्याकडे कसा आला, ते आधी सांगतो.

माझा एक जुना विद्यार्थी तालुक्याच्या गावी सुतारकाम करतो. वडिलांचा धंदा तोच. पण मुलाने कर्ज काढून संगणकावर चालणारे नक्षीकामाचे यंत्र घेतले. संगणकात चित्र भरायचे, सागवानाची फळी यंत्राच्या टेबलावर घट्ट बसवायची, आणि मग यंत्राचे फिरते पाते डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे, खाली, वर सरकत सरकत नक्षी कोरून काढते. एका लग्नघराचा दरवाजा त्याच्याकडे कामाला होता. फळीवर दोन मोर आणि मधे कलश. एक मोर पुरा झाला, दुसऱ्याची मान झाली, आणि वीज गेली.

तासाभराने वीज आली. दरम्यान त्याने पात्याचा गाडा हाताने जरा बाजूला ढकलून भुसा झाडून घेतला होता. यंत्र सुरू केले आणि राहिलेल्या कामापासून पुढे चालू दिले. यंत्र निमूटपणे कामाला लागले, आणि पाहता पाहता पुऱ्या झालेल्या मोराच्या अंगातून बोटभर रुंदीची आडवी चर काढून मोकळे झाले. फळी गेली. लग्नाची तारीख तर काही पुढे जाणार नव्हती.

मी त्याच्याकडे गेलो तेव्हा तो हताश होऊन बसला होता. म्हणाला, ‘सर, चित्र बरोबर होतं, मोटर बरोबर होती, पाताळी सगळी नीट होती. मग चुकलं काय?’ त्याचे वडील ओट्यावर बसून ऐकत होते. त्यांना संगणकातले ओ की ठो कळत नाही. त्यांनी एवढेच विचारले, ‘अरे, पण सूत कुठून धरलं होतंस?’

सगळे मर्म त्या एका प्रश्नात होते. यंत्र ज्या जागेपासून मोजत होते ती जागाच आता वेगळी होती. अशा यंत्राला प्रत्येक बाजूच्या टोकाशी एक लहानसा खटका बसवलेला असतो. यंत्र सुरू होताच त्याने आधी त्या खटक्यापर्यंत जावे, त्याला स्पर्श करावा आणि मग मोजायला लागावे, अशी योजना असते. कारखान्यांतले कामगार याला ‘मशीन होमला घेणे’ म्हणतात, म्हणजे यंत्राला घरी नेणे. माझ्या विद्यार्थ्याच्या यंत्रात भुशामुळे तो खटका अधूनमधून अडकत असे आणि काम थांबत असे. कंटाळून त्याने महिन्यापूर्वी खटक्याच्या तारा एकमेकींना जोडून टाकल्या होत्या आणि घरी जाण्याची पायरीच गाळली होती. महिनाभर काही बिघडले नाही. ज्या दिवशी बिघडले त्या दिवशी दरवाजा गेला.

घरी आलो तरी तो प्रश्न डोक्यातून जाईना. या खटक्याची गरज माणसाला प्रथम केव्हा भासली असेल? शोध घेऊ लागलो, आणि दीडशे वर्षे मागे जाऊन पोचलो.

त्याआधी ही मोटर कशी असते ते थोडक्यात पाहू. पंख्याची मोटर वीज दिली की गरगर फिरते. ही मोटर तशी फिरत नाही. विजेचा एक ठोका दिला की ती एक पाऊल टाकते आणि तिथेच घट्ट उभी राहते. दुसरा ठोका, दुसरे पाऊल. म्हणून तिचे नाव स्टेपर मोटर. पुष्कळशा स्टेपर मोटरी २०० पावलांत एक फेरा पुरा करतात, म्हणजे एका पावलाला १.८ अंश. या मोटरीला आट्यांचा लांब दांडा जोडला आणि एका फेऱ्यात गाडा ५ मिलिमीटर सरकेल अशी योजना केली, तर एका पावलात गाडा पाव मिलिमीटरचाही दहावा भाग, ०.०२५ मिलिमीटर सरकतो. एवढी बारीक चाल, आणि तीही डोळ्यांवाचून! गाडा कुठे आहे हे कोणी पाहत नाही. संगणक केवळ किती ठोके दिले हे मोजतो आणि त्यावरून गाडा कुठे असला पाहिजे हे समजतो.

‘असला पाहिजे’ आणि ‘आहे’ यांत अंतर असते, हे शिक्षकांना सांगायला नको. वर न पाहता हजेरी मांडली तर पटावर सगळी मुले हजर असतात. लाकडात गाठ लागली, पाते अडकले आणि मोटरीचे पाऊल घसरले, तरी संगणक ते पाऊल पडले असेच मांडून ठेवतो. आणि वीज गेली की त्याचा सारा हिशेबच पुसला जातो. पुष्कळदा तर वीज परत आल्यावर गाडा जिथे उभा असेल तीच जागा तो शून्य धरून चालतो.

आता इतिहासाकडे वळू.

इ. स. १८६७. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहर. तेथील शेअरबाजारातले भाव क्षणोक्षणी बदलत आणि दलालांची पोरे ते भाव कागदावर लिहून कचेऱ्या-कचेऱ्यांतून धावत. तारखात्याच्या धंद्यातला एडवर्ड कॅलहन नावाचा एक गृहस्थ होता. त्याने एक युक्ती काढली. प्रत्येक दलालाच्या कचेरीत एक लहान यंत्र ठेवले. त्यात अक्षरांचे आणि आकड्यांचे चाक. मुख्य ठिकाणाहून तारेने विजेचे ठोके यायचे आणि त्या ठोक्यांबरोबर चाक एकेक अक्षर पुढे सरकायचे. हवे ते अक्षर समोर आले की कागदाच्या पट्टीवर त्याचा ठसा उठायचा. यंत्राची टिकटिक सतत चाले, म्हणून त्याचे नाव पडले टिकर.

आपल्या लक्षात आलेच असेल की आपली पावलापावलाने चालणारी मोटर आणि हे चाक एकाच कुळातले. आणि कुळाचा दोषही तोच. एखाद्या कचेरीतल्या यंत्राने एकच ठोका चुकवला, तर चाक एका अक्षराने मागे राही. मग ‘ख’ च्या जागी ‘क’, ६ च्या जागी ५, आणि पुढचा प्रत्येक भाव चूक. यंत्र थांबत नसे. ते त्याच आत्मविश्वासाने चुकीचे भाव छापत राही. त्या भावांवर लोकांनी हजारोंची खरेदी-विक्री करावी, हे केवढे संकट! मग माणूस धाडायचा, त्याने कचेरीत जाऊन हाताने चाक जागेवर आणायचे, तोवर पलीकडच्या कचेरीतले यंत्र बहकायचे.

यावर पुष्कळांनी उपाय शोधले. त्यांत गाजला तो थॉमस एडिसनचा. तेव्हा त्याचे वय जेमतेम २४ वर्षांचे होते. विजेचा दिवा अजून पुढे होता. १८७१ च्या सुमारास त्याने टिकरच्या चाकाच्या दांड्यावर आटे पाडून त्यांत एक काटा बसवला. चाक काहीही न छापता दोनतीन फेरे फिरत राहिले, की तो काटा आट्यांवरून सरकत जाऊन एका अडणीवर टेकायचा आणि चाक थांबायचे. छपाई झाली की काटा पुन्हा आपल्या मूळ जागी येई, म्हणून रोजच्या कामात त्याची अडचण होत नसे. मुख्य ठिकाणी बसलेल्या माणसाने अधूनमधून सर्व यंत्रांना रिकामे फेरे द्यायचे. ज्याचे चाक जिथे कुठे असेल तिथून फिरत येऊन अडणीशी उभे राही. गावभरची सगळी चाके एका जागी आली, की मग पुन्हा मोजणी सुरू.

या युक्तीतली खुबी पाहा. कोणते यंत्र किती चुकले आहे, याची चौकशीच एडिसनने केली नाही. त्याने सर्वांना घरी बोलावले. घरी आल्यावर मागची चूक किती होती याला अर्थच उरत नाही.

या शोधाबद्दल आपल्याला ४०,००० डॉलर मिळाले आणि मागायला गेलो असतो तर आपण पाच हजारही मोठ्या धाडसाने मागितले असते, अशी आठवण एडिसन उत्तरआयुष्यात मोठ्या रंगाने सांगत असे. इतिहासाच्या अभ्यासकांना मात्र त्या आकड्याविषयी शंका आहे. त्यात एडिसनचा कमीपणा नाही. वर्षे लोटली की आपल्या सर्वांच्याच स्मरणाची पावले थोडीथोडी घसरतात. म्हणून तर इतिहासकार वारंवार मूळ कागदाकडे परत जातो. आमच्या धंद्यातला तो खटकाच म्हणा ना!

आपल्याकडे ही समज नव्हती असे नव्हे. घटिकापात्र आठवा. तळाशी बारीक छिद्र असलेले तांब्याचे भांडे पाण्यावर सोडायचे; ते भरून बुडाले की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे झाली. पुन्हा सोडायचे, पुन्हा मोजायचे. अशा ६० घटकांचा एक दिवस. प्रत्येक वेळी भांडे रिते करून सोडताना क्षण-दोन क्षण जायचेच, आणि ते साचत जायचे. पण मोजणी सुरू व्हायची ती सूर्योदयाला. आजची चूक उद्याच्या सूर्याने धुऊन काढायची. रोज सकाळी घड्याळ घरी येत असे.

टिकरनंतर वीस वर्षांनी तीच अडचण टेलिफोनपाशी उभी राहिली. तेव्हा फोन जोडून देण्याचे काम एक्स्चेंजमधल्या बाया करीत. कॅन्सस सिटी गावात अॅल्मन स्ट्रोजर नावाचा गृहस्थ अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा धंदा करी. आपली गिऱ्हाइके एक्स्चेंजमधून परस्पर दुसऱ्या व्यावसायिकाकडे वळवली जातात, असा त्याला संशय आला, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, माणसाच्या मध्यस्थीवाचून फोन जोडणाऱ्या यंत्राचे पेटंट त्याला १८९१ साली मिळाले ही गोष्ट कागदोपत्री आहे. १८९२ साली इंडियाना राज्यातील ला पोर्ट या गावी तसे पहिले एक्स्चेंज सुरू झाले.

स्ट्रोजर पद्धतीच्या यंत्रात एक उभा दांडा असे. आपण डायल फिरवून ४ हा आकडा सोडला की चार ठोके जात आणि दांडा चार पायऱ्या वर चढे. मग ७ फिरवला की सात घरे आडवा फिरे. दहा पायऱ्या आणि प्रत्येक पायरीवर दहा घरे, म्हणजे एका दांड्याला शंभर जोडण्या. बोलणे संपून फोन खाली ठेवला की अडकवण सुटे आणि दांडा स्प्रिंगच्या ओढीने व स्वतःच्या वजनाने परत आपल्या मूळ जागी येऊन पडे. मौज अशी की तो खरोखर घरी आला की नाही, हे सांगायला तिथे लहान पात्यांचा एक खटका बसवलेला असे. दांडा जागेवरून हलला की खटक्याची स्थिती बदले आणि घरी आला की पूर्ववत होई. पुढच्या माणसाचा नंबर बरोबर लागण्याची सारी भिस्त त्यावर. आधीच्या बोलण्यातली दोन पावले दांड्यात शिल्लक राहिली, तर डॉक्टरला केलेला फोन भलत्याच घरी वाजायचा.

आपल्या देशात पहिले स्वयंचलित एक्स्चेंज सिमल्याला १९१३-१४ साली बसले. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ मध्ये, बंगळूरला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा सरकारी कारखाना निघाला आणि स्ट्रोजर पद्धतीची एक्स्चेंजे आपल्याकडे तयार होऊ लागली. पुढे १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट संस्थेची इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजे खेड्यापाड्यांत पोचली, आणि वर चढून परत घरी येणारे ते दांडे इतिहासजमा झाले. ज्यांनी अशा एक्स्चेंजमध्ये काम केले आहे त्यांना त्यांचा खटखटाट अजून आठवत असेल.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटिश युद्धनौकांवर हीच चाल वापरली गेली. उंच मनोऱ्यावर बसलेला अधिकारी शत्रूच्या जहाजाचा नेम धरी. त्याचे हात जसजसे फिरत तसतसे विजेचे ठोके खाली तोफांपाशी जात आणि तेथील काटा पावलापावलाने फिरे. तोफखान्यातले लोक त्या काट्याबरहुकूम तोफ वळवीत. पण वापरण्यापूर्वी वरचा आणि खालचा काटा एका खुणेवर जुळवून घ्यावा लागे. तो जुळवला नाही तर खालचा काटा वरच्याच्या मागोमाग इमानाने फिरे, फक्त ठराविक अंतराने चुकत. तोफेच्या बाबतीत एखाद्या अंशाच्या चुकीचा अर्थ काय होतो, हे मी सांगायला नको.

आज आपण पाहतो ती २०० पावलांची मोटर ज्या रचनेतून आली, तिचे पेटंट अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील फाइअरटॅग आणि डोनाहो या दोघांना १९५२ साली मिळाले. त्यांना मुळात हवी होती सावकाश फिरणारी मोटर. पावलांसाठी ती किती सोयीची आहे हे पुढे ध्यानात आले. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या एम. आय. टी. या प्रसिद्ध विद्यापीठात, छिद्रे पाडलेल्या पट्टीवरचे आकडे वाचून धातू कापणारे यंत्र लोकांना दाखवण्यात आले. त्या यंत्राच्या मोटरी वेगळ्या जातीच्या होत्या. पण आकड्यांवर चालणारे यंत्र आणि पावलावर चालणारी मोटर यांची पुढे गाठ पडली, आणि तिच्यातूनच माझ्या विद्यार्थ्याचे यंत्र जन्माला आले.

आता त्या खटक्याकडे जरा बारकाईने पाहू. हलक्याशा दाबाने टक् करून उघडझाप करणारा लहान खटका अमेरिकेत मॅकगॉल नावाच्या माणसाने १९३२ च्या सुमारास तयार केला. तेव्हापासून तो जगभर पसरला आणि आजही अनेक यंत्रांच्या टोकाशी तोच बसलेला असतो. काही ठिकाणी त्याची जागा प्रकाशाच्या किरणाने किंवा लोखंड जवळ आल्याचे ओळखणाऱ्या डोळ्याने घेतली आहे, काम एकच.

यंत्र घरी कसे जाते? सुरू होताच गाडा टोकाकडे निघतो. खटका दाबला गेला की थांबतो. पण एवढ्याने काम होत नाही. वेगात आलेला गाडा खटक्याच्या थोडा पुढेही गेलेला असतो. म्हणून तो काहीसा मागे येतो आणि पुन्हा, या वेळी अगदी हळू, खटक्याकडे जातो. या दुसऱ्या भेटीत खटका ज्या पावलाला वाजतो, ते पाऊल पक्के धरले जाते. तिथून ठरवलेले अंतर मोजून शून्य ठरते. दर वेळी यायचे ते एकाच बाजूने; कारण आट्यांच्या दांड्यात, रहाटाच्या दात्यांत असते तशी थोडी ढील असतेच, आणि दोन बाजूंनी आलात तर दोन वेगळी उत्तरे मिळतात.

आणखी एक गंमत. मोटरीला स्वतःला घर मुळीच कळत नाही. तिच्या वेटोळ्यांतून वीज फिरण्याचा क्रम दर चार पावलांनी पुन्हा पहिल्यासारखा होतो. म्हणजे एका फेऱ्यात अगदी सारख्या अशा ५० जागा. त्यांपैकी आपण कोणत्या जागेवर आहोत हे ती कितीही शक्तिमान असली तरी सांगू शकत नाही. ते सांगायला बाहेरचाच कोणी साक्षीदार लागतो. मोटर हजारो रुपयांची आणि साक्षीदार शेपन्नास रुपयांचा, पण त्याच्यावाचून तिचे चालत नाही.

शहाणे कारागीर हा खटका कसा जोडतात, तेही पाहण्यासारखे आहे. नेहमी त्यातून वीज वाहत ठेवतात आणि खटका दाबला की ती तुटते. आता समजा, उंदराने तार कुरतडली. वीज तुटलीच. यंत्राला वाटते खटका दाबला गेला, ते थांबते. उलट जोडणी असेल तर तुटलेल्या तारेचा पत्ताच लागत नाही आणि गाडा टोकावर जाऊन आदळतो. गावचा राखणदार रात्री ठराविक वेळाने हाळी देतो, तसेच हे. हाळी आली तर सारे ठीक. हाळी थांबली की उठून बघायचे. माझ्या विद्यार्थ्याने तारा एकमेकींना जोडल्या म्हणजे काय केले? राखणदाराला झोपवून त्याची हाळी भोंग्यावर लावून ठेवली!

खटका नसला तर मुळीच चालत नाही का? चालते, पण त्यालाही एक अट आहे. १९७८ साली अॅपल कंपनीने आपल्या घरगुती संगणकासाठी तबकडीवर माहिती साठवणारे यंत्र बाजारात आणले. ते करणारा स्टीव्ह वॉझ्निअॅक मोठा कसबी. खर्च वाचवण्यासाठी त्याने पुष्कळ भाग काढून टाकले. पहिल्या वर्तुळाची जागा सांगणारा खटकाही त्यात नव्हता. तबकडीवर ३५ वर्तुळे. मग यंत्र सुरू होताच मोटरीला बाहेरच्या दिशेने त्याहून अधिक पावले टाकायला सांगायचे. वाचणारा भाग कुठेही असला तरी सरकत जाऊन अडणीवर टेकणार आणि उरलेल्या पावलांना तिथेच खडखडत राहणार. तो खडखडाट त्या काळच्या लोकांच्या ओळखीचा झाला होता. पाहा, खटका गेला तरी अडण राहिलीच. शंभर वर्षांपूर्वी एडिसनने टिकरला जी शिकवली, तीच ही युक्ती. घर हवेच, ते खटक्याचे असो की भिंतीचे.

२००५ साली इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात एड्रियन बॉयर यांनी वितळलेल्या प्लॅस्टिकचे थर रचून वस्तू घडवणाऱ्या यंत्राचा प्रकल्प सुरू केला आणि त्याचे आराखडे सर्वांना मोकळे ठेवले. आज तशी लहान यंत्रे आपल्याकडे शाळांच्या प्रयोगशाळांतही आली आहेत. आपल्या शाळेत असेल तर सुरू होताना नीट पाहा. काहीही घडवण्यापूर्वी ते कोपऱ्यात जाते, टक् आवाज होतो, जरा मागे येते, पुन्हा हळूच टक् होते. मुलांना विचारा, ‘हे आधी कोपऱ्यात का जाते?’

यंत्र नसेल तरीही हा धडा पटांगणावर शिकवता येतो. एका मुलाचे डोळे बांधा. भिंतीला पाठ लावून त्याला उभे करा आणि सांगा, वीस पावले पुढे जा, पाच डावीकडे, दहा मागे. तो कुठे पोचला ते खडूने आखा. मग पुन्हा तेच सांगा, पण सुरू करण्यापूर्वी त्याच्या नकळत त्याला दोन पावले सरकवा. तो अगदी चोख मोजेल आणि भलतीकडे पोचेल. तिसऱ्या वेळी वाटेत सरकवा, पण मग त्याला भिंतीपर्यंत चाचपत जाऊन पाठ लावू द्या आणि नव्याने मोजायला सांगा. मुले जे हसतील ते हसतील, पण पावले मोजणे वेगळे आणि जागा ओळखणे वेगळे, हे पुन्हा समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

त्या दरवाजाचे काय झाले, ते सांगायचे राहिलेच. म्हाताऱ्याने दुसरी फळी काढली. मुलाने खटक्यांवर पत्र्याची लहानशी टोपी बसवली, म्हणजे भुसा आत जाऊ नये, आणि तारा पुन्हा नीट जोडल्या. रात्रभर यंत्र चालले. पहाटे एकदा वीज गेली. परत आली तेव्हा मुलाने कोणतीही घाई केली नाही. यंत्राला आधी घरी पाठवले, टक् आवाज ऐकला, आणि मग पुढचे काम दिले. पाते बरोबर मोराच्या मानेपाशी, सोडले होते त्याच जागी येऊन थांबले. लग्नाच्या आदल्या दिवशी दरवाजा पोचता झाला. चर पडलेली जुनी फळी त्याने टाकली नाही. ती यंत्राच्या मागे भिंतीला टेकवून ठेवली आहे. मी मागच्या महिन्यात गेलो होतो, तेव्हा तिच्यावर खडूने लिहिलेले दिसले: ‘आधी घरी.’